जमिनीवर आल्यावर सांग

दादा गेला त्या दिवशी आमचं जहाज व्हिएतनाममधल्या दानांगच्या बंदराला लागलं होतं. सकाळी त्याने चहाची कपबशी खाली ठेवली आणि तो आडवा झाला. त्या वेळी मी बसमध्ये बसून मीसनच्या देवळांकडे निघाले होते. मला हे कळलं तेव्हा त्याची तेरवी होऊन गेली होती.

आता पुन्हा वेचणीचे दिवस आहेत. यवतमाळहून उमरखेडकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून दिसतं, रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला आहे. भरलेल्या गाड्या जाताना फांद्या कापूस ओढून घेतात आणि मग काट्याकाट्याला पांढरं काहीतरी डोलत राहतं. आर्णी जातं, महागाव जातं. माहेर, ढाणकी, अजून तासभर दूर असतं. पूर्वी या वळणावर मी पिशवी आवरायला घेत असे, दादासाठी आणलेलं पुस्तक वर काढून ठेवत असे. आता पिशवी मांडीवर तशीच असते.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. सातासमुद्रापलीकडच्या जुन्या राज्यांना आमच्या पाठ्यपुस्तकात दीड पान होतं, आणि त्या दीड पानात बोरोबुदुरच्या स्तूपाचं टपालाच्या तिकिटाएवढं चित्र. शाई पसरलेली. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली होती, "बाई, हे त कुटाराचा ढीग दिसून राह्यला." वर्ग हसला, मीही हसले. पण मग दरवर्षी ते पान आलं की मलाही तिथे कुटाराचा, भुशाचा, ढीगच दिसे. निवृत्त झाल्यावर सिंगापूरला असलेल्या माझ्या मुलीने, मुक्ताने, तीन आठवड्यांच्या समुद्रसफरीचं ठरवलं. "आई, आयुष्यभर न बघता शिकवलंस. आता बघ तरी."

दादाला सांगायला ढाणकीला गेले. तो ओसरीवर बसला होता, वहिनी आत चुलीपाशी.

"जहाजात?" तो म्हणाला. "पैनगंगा उतरताना डोंग्यात बसली का बाबांचा सदरा फाटेपर्यंत ओढे तू. तुले समुद्रात कोन सांभाळन?"

"मुक्ता आहे की."

"जाय मंग. पन नुसते फोटू नको धाडू. फोटू कोनाचेबी येतात. सांगत जाय."

दादाचं आणि माझं नातं या 'सांगत जाय'वर उभं होतं. त्याला वाचायचा कंटाळा; त्याला ऐकायचं असे. मी कॉलेजात असल्यापासून सुट्टीत आले की ओसरीवर बसून वाचलेलं सांगायचं आणि त्याने विचारायचं. त्याचे प्रश्न नेहमी वस्तूंचे. किल्ल्याचं सांगितलं की चुना कुठून आणला, लढाईचं सांगितलं की बैलांना वैरण काय घातली. सनावळ्या त्याला नको असत. "साल राहू दे. माती कशी होती थे सांग."

जहाजावरून मी सांगत गेले. तो आवाजी संदेश पाठवायचा. टाइप करायला बोट मोठं पडतं म्हणायचा. एका दुपारी खोलीत परत आले तर साफसफाई करणाऱ्याने पांढऱ्या टॉवेलची घडी घालून पलंगावर हत्ती करून ठेवला होता. सोंड वर केलेला. मी फोटो पाठवला. संध्याकाळी डेकवर उभी राहून दादाचा आवाज ऐकला. मागे कुत्रं भुंकत होतं, पंपाची धडधड होती.

"वा व बाई! आपल्या इकडं कापसाले अळी खाऊन राह्यली अन् तिकडं त्याचा गनपती होऊन राह्यला. त्याले इचार, अळीचं काई औषद हाये का म्हना."

त्या वर्षी गुलाबी अळी आली होती. बोंड वरून चांगलं दिसायचं. फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा, घट्ट, ओढला तरी न निघणारा. त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. यवतमाळच्या बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत माणसं त्याच अळीबद्दल बोलत. मी निघाले तेव्हा ती बोलणी मागे पडली याचं मला थोडं बरंच वाटलं होतं. जहाजावर सकाळी उठलं की चारी बाजूंना फक्त पाणी, आणि पाण्याला कशाचीच कीड लागत नाही.

मीसनच्या आदल्या रात्री दादाने विचारलं होतं, "त्या देवळाच्या इटा कशानं जोडल्या, थे नीट इचार बरं का." सकाळी पाऊस रिपरिपत होता. डोंगरांच्या कुशीत लाल विटांची पडकी शिवमंदिरं, भिंतींवर शेवाळ, मधेच लढाईतल्या बॉम्बने पडलेले खड्डे आणि त्यांत उगवलेलं गवत. विटांमध्ये चुन्याची रेघ दिसत नव्हती. मी हात लावून पाहिला, नखही शिरेना. वाटाड्याला विचारलं तर तो म्हणाला, कोणी झाडाचा चीक म्हणतं, कोणी आणखी काही. अजून वाद आहे. मी छत्रीखाली उभी राहून दादाला लांबलचक संदेश बोलले. वर्गात बोलत असे तसा आवाज चढवून, मधे हसून: "ऐक दादा, तुझ्या प्रश्नाला इथं कोणाकडे उत्तर नाही. म्हणजे तू पास, बाकी सगळे नापास."

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, टाइप केलेलं. "आइकलं. छान सांगतलं. आता पुढं कुठं."

मी लिहिलं, "वा, बोट बारीक झालं का रे?"

थोड्या वेळाने आलं, "हो."

पुढच्या दिवसांत प्रश्न येत राहिले. सगळे टाइप केलेले. मी नव्या उत्साहाने उत्तरं देत राहिले, कारण प्रश्न वेगळे होते आणि मला ते आवडू लागले होते. दादा कधी माणसांचं विचारत नसे. आता तो विचारत होता, देवळापाशी पाणी कुठून आणत असतील. तिथल्या बाया डोक्यावर घेतात का कमरेवर. एवढ्या विटा भाजल्या तर सरपण कोण आणे. मी मुक्ताला म्हटलंसुद्धा, "म्हातारपणी मामा तुझा जास्त शहाणा होत चाललाय." मुक्ता समुद्राकडे बघत होती. ती म्हणाली, "हो ना."

मी तीस वर्षं मुलांना सांगितलं की कोणताही कागद, कोणताही शिलालेख हाती आला की आधी विचारा, हे कोण बोलतंय. पुस्तकातल्या राजांना मी ते विचारायला लावलं. माझ्या सख्ख्या भावाच्या नावावर रोज दुसरंच कोणीतरी बोलत होतं आणि मला शंका आली नाही. सुखात असलेल्या माणसाला शंका येत नाही. लाज वाटते ती त्या सुखाची.

थायलंडच्या बंदरावरून आम्ही अयुथ्याला गेलो. जुन्या राजधानीचे अवशेष. रांगेने बसलेले बुद्ध आणि त्यांतल्या कितीतरींना डोकी नाहीत. एका झाडाच्या मुळांनी मात्र एक दगडी डोकं वेढून धरलं आहे, चेहरा तेवढा उघडा. तिथे शिस्त अशी की फोटो काढायचा तर त्या डोक्यापेक्षा उंच उभं राहायचं नाही; खाली बसायचं. पहारेकऱ्याने हाताने खूण केली. मी पिवळी साडी सावरत गुडघ्यांवर बसले, तर गुडघा इतक्या जोरात वाजला की तो पहारेकरीही दचकला. मला हसू फुटलं. मुक्ताने नेमका तेव्हाच फोटो काढला. मागे दगडाचा तो शांत चेहरा आणि पुढे मी, दात दिसतील इतकी हसणारी, डोळ्यांत पाणी.

फोटो पाठवला. उत्तर आलं, "बसली काहून तू? खुर्ची नव्हती का?" आणि मग, "त्या झाडाले कोनी पानी घालते का?"

त्या दिवशी पैनगंगेच्या काठी दादाचा दहावा होता.

जावामध्ये सेमारांगला उतरून आम्ही बोरोबुदुरला गेलो. कुटाराचा ढीग अखेर दिसला. काळ्या दगडांचा डोंगर, चढत जावं तशा भिंती कथा सांगतात, आणि वर पोचलं की कथा संपतात, फक्त जाळीदार दगडी घंटा उरतात आणि आभाळ. खालच्या एका भिंतीवर जहाज कोरलं आहे, शिडांचं, लाटांवर तिरपं झालेलं. त्याचा फोटो पाठवला तर प्रश्न आला, "जहाजावर बाया हायेत का?" मी गर्दी ओसरेपर्यंत थांबले आणि अगदी जवळ जाऊन पाहिलं. मला एकही बाई दिसली नाही. तसं कळवलं. "मंग तूच पयली," असं उत्तर आलं. वरच्या गच्चीवर उभी राहून मी मुक्ताला म्हटलं, आज मला काहीच कमी नाही. मुक्ता रडत होती. ऊन लागतंय म्हणाली, आणि मी माझी टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली.

सिंगापूरला जहाजातून उतरलो, सामान घेतलं, बंदराबाहेर आलो. मुक्ता एका बाकापाशी थांबली. "आई, बस." मी बसले. ती माझ्यासमोर फरशीवर उकिडवी बसली आणि माझे पाय धरून म्हणाली, "मामा गेला. दानांगच्या दिवशीच. मामीने सांगितलं होतं, जमिनीवर आल्यावर सांग."

आमच्याकडे लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवसांचं. आणि दहावा उलटून गेल्यावर कळलं, तर नुसती अंघोळ. दादाचं एवढंच माझ्या वाट्याला शिल्लक होतं. मुक्ताच्या उंच इमारतीतल्या न्हाणीघरात मी फवाऱ्याखाली उभी राहिले. पाणी आपोआप कोमट येत होतं. बाहेर आले, ओल्या केसांनीच बसले आणि फोनमधले सगळे फोटो पुसून टाकले. मीसन, अयुथ्या, बोरोबुदुर, टॉवेलचा हत्ती. मुक्ताच्या फोनमधलेही तिला पुसायला लावले. "आई, नको," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिले, तेव्हा तिने पुसले.

ढाणकीला पोचले तेव्हा घरात पाहुणे उरले नव्हते. दादाचा मुलगा शेतावर होता. सून प्रीतीने पाणी दिलं. वहिनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं. मी तिच्या गळ्यात पडून रडेन असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात मी दाराशीच उभी राहिले. माझा चेहरा उन्हाने रापला होता, आणि तो समुद्रावरचा रंग होता.

"या बाई," वहिनी म्हणाली. "चपला उन्हात नका ठेवू."

मग प्रीतीकडून एकेक कळत गेलं. दादा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर आणि आत बायका दाटून बसल्या होत्या. दादाचा फोन प्रीतीच्या हातात. कोणाकोणाला कळवायचं चाललं होतं. त्यात माझा संदेश दिसला. तिने बोट लावलं आणि माझा आवाज त्या खोलीत सुरू झाला. विटा, चीक, "तू पास, बाकी सगळे नापास." आणि माझं हसणं. प्रीती घाबरून बंद करायला गेली. वहिनी म्हणाली, "राहू दे. त्यानं इचारलं होतं. पुरं होऊ दे." सगळ्या बायकांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

संपल्यावर एक चुलत आत्या म्हणाली होती, "भाऊ पडला अन् बहीन पाहा कशी हसून राह्यली. शिकलेल्या बाया अशाच."

"तिले सांगतलं नाई मी," वहिनी म्हणाली होती.

"काहून नाई सांगतलं? सख्खी बहीन हाये."

"पान्यावर हाये थे. कुठं उतरन? रडाले खाली जमीन लागते, आत्या."

वाटेवर असलेल्याच्या कानावर वाईट घालू नये ही आमच्याकडची जुनी रीत. माणूस घरी पोचून, पाय धुऊन, दोन घास खाऊन बसला की मग सांगायचं. ती रीत बैलगाडीच्या वाटेसाठी होती. तेव्हा वाट फार तर दोन दिवसांची असे. वहिनीने ती तीन आठवड्यांच्या समुद्राला लावली आणि शेवटपर्यंत निभावली. उत्तर गेलं नाही तर मी फोन करीन, म्हणून उत्तरं जायला हवीत. मुक्ताला तिनेच फोन करून बजावलं. प्रश्न वहिनी सांगायची, प्रीती टाइप करायची. पहिल्या दिवशी त्या घरात चूल पेटली नव्हती, शेजारून पिठलं-भाकर आली होती. त्याच घरात दुसऱ्या दिवसापासून कोणीतरी बसून, मला काय विचारावं म्हणजे माझी सहल मोडणार नाही, याचा विचार करत होतं.

"वहिनी, तुम्हाला कसं सुचलं हे सगळं विचारणं?" मी विचारलं. ते बोलताना माझी मान वर होत नव्हती.

ती म्हणाली, "सुचाले कायले लागते? तीस वर्सं आइकूनच राह्यली न मी. तुमी ओसरीवर सांगा, मी चुलीपाशी भाकरी करू. तुमचं तोंड त्याच्याकडं राहे." मग म्हणाली, "मनात येत जाय, पानी कुठून आनत असतीन, लाकडं कोन तोडत असन. पन तुमा दोघायच्या मधात कोन बोलते?"

ओसरी आणि चूल यांत जेमतेम चार पावलांचं अंतर आहे. मी हजारो मैलांवर गेले, तेव्हा वहिनीचा पहिला प्रश्न माझ्यापर्यंत पोचला. तोही दादाच्या नावाने.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "तुमाले 'तू' म्हनाले लय लाज वाटे मले. प्रीतीले म्हनो, लिहून टाक तूच, मी आइकत नाई."

तिची लाज ती होती. माझ्या लाजेला मी अजून नाव शोधते आहे. मी हसले म्हणून आता कोणी मला बोल लावत नाही. माहीतच नव्हतं, असं सगळे म्हणतात. पण ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत भरलेले दिवस होते, आणि ते एका सुतकातल्या घराने खांद्यावर उचलून धरले होते. आता ते परत करता येत नाहीत आणि माझे म्हणून जवळ बाळगताही येत नाहीत.

तेव्हापासून दर वेचणीला मी ढाणकीला जाते. पहिला कापूस वेचण्याआधी शेतात सीतादई करतात. एका पराटीखाली, म्हणजे कपाशीच्या झाडाखाली, खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा घास ठेवायचा, आणि मग पहिलं बोंड तोडायचं. पूर्वी दादा त्यातला मूठभर कापूस माझ्यासाठी बाजूला ठेवायचा, वातींना. पूजा झाली की आता वहिनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसते आणि पदराखालून दादाचा फोन काढते. त्याची काच एका कोपऱ्यात तडकली आहे. मी पाठवलेलं सगळं त्यात आहे. ती एक फोटो निवडते. "हे सांगा." मी सांगते. माझं तोंड तिच्याकडे असतं. ती माहूरच्या पलीकडे कधी गेलेली नाही, पण मीसनच्या पावसाचा वास कसा होता ते तिने मला दोनदा सांगायला लावलं आहे.

पिवळ्या साडीचा फोटो आला की माझं बोट तो पुढे सरकवून देत असे. या वर्षी तिने माझा हात धरला.

"हा कवा सांगान?"

"राहू द्या वहिनी. त्या दिवशी दहावा होता."

"मले नाई मालूम? नदीवरून आली, पाय धुतले, अन् प्रीतीनं हाच दाखवला." तिने काच पदराने पुसली. "घरात समदे रडून थकले होते. म्हटलं, चला, आपलं एक मानूस तरी हसून राह्यलं." मग माझ्याकडे बघून, "कायले हसल्या पन येवढ्या?"

"गुडघा वाजला," मी म्हटलं. "खाली बसताना. पहारेकरी दचकला."

वहिनी तोंडाला पदर लावून हसू लागली. "तुमच्या दादाचाबी वाजे. बंदुकीसारखा. संडासाले बसला का शेजारच्याले कळे." तिला हसू आवरेना, आणि मग मलाही. वेचणाऱ्या बायका पराटीतून माना वर करून आमच्याकडे बघू लागल्या. मी ते पूर्ण सांगितलं. बिनडोक्यांचे बुद्ध, मुळांनी धरलेला चेहरा, खाली बसण्याची शिस्त. झाडाला पाणी घालणारं कोणी मला दिसलं नव्हतं, तेही सांगितलं. ती म्हणाली, "पावसाचं पुरत असन."

लाज गेली नाही. ती माझ्याबरोबर एसटीने येते आणि एसटीने परत जाते. त्या संध्याकाळी निघताना वहिनीने वातींपुरता कापूस कागदात बांधून दिला. त्यात एक बोंड कवडीचं होतं. मी ते वेगळं काढलं नाही.

माझ्याजवळ त्या सफरीचा एकही फोटो नाही. सगळे वहिनीकडे आहेत.